‘सहा महिने थांबा’ : एका भीतीचा इतिहास

“डॉक्टर, कंडोम वापरला होता. फाटला नाही, घसरला नाही. रक्त दोनदा तपासलं, दोन्ही वेळा निगेटिव्ह आलं. पण सहा महिन्यांनी पॉझिटिव्ह येऊ शकतं ना?”

हा प्रश्न थोड्याफार फरकाने मी गेली पंचवीस-तीस वर्षे ऐकतो आहे. विचारणारा बहुधा तरुण असतो. कधी लग्न ठरलेला मुलगा, कधी बायको माहेरी गेली असताना एकदा पाय घसरलेला संसारी माणूस. येतो ताप किंवा अशक्तपणाची तक्रार घेऊन, आणि मूळ गोष्ट बाहेर पडते ती उठताना, दाराशी.

उत्तर आधीच सांगून टाकतो. संबंध सुरू झाल्यापासून संपेपर्यंत कंडोम नीट असेल तर एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता नगण्य असते. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली, आणि मधल्या काळात नवा धोका घेतलेला नसेल, तर त्या प्रसंगापुरता विषय संपला. पण एवढं ऐकून पेशंटचं समाधान होत नाही. मान हलवतो, फी देतो आणि दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त देतो. हे ‘सहा महिने’ त्याच्या डोक्यात आले कुठून? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

फिरंग आणि गरमी

लैंगिक संबंधातून येणाऱ्या रोगाची धास्ती एड्सच्या कितीतरी आधीची. १५ व्या शतकाच्या शेवटी युरोपात सिफिलिस पसरला. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला आणि त्यानंतरच्या काळात हा रोग आपल्याकडेही दिसू लागला. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात भावमिश्रांनी त्याला ‘फिरंग रोग’ असं नाव दिलं. फिरंगी लोकांच्या संसर्गाने होणारा, म्हणून फिरंग. उपचारांत चोपचिनी आणि पाऱ्याची औषधं आहेत. आपल्या बोलीत त्याला ‘गरमी’ म्हणू लागले. रोग नेहमी दुसऱ्यांचा असतो, ही खूण त्याच्या नावातच आहे. इटालियन लोक त्याला फ्रेंच रोग म्हणत आणि फ्रेंच लोक इटालियन!

बचावाचा प्रयत्नही त्याच शतकातला. पदुआ विद्यापीठातला शरीरशास्त्रज्ञ गॅब्रिएले फॅलोपिओ (स्त्रियांच्या बीजवाहिन्यांना ज्याच्या नावाने आपण फॅलोपियन ट्यूब म्हणतो तोच) याने तागाच्या कापडाचं आवरण सुचवलं. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १५६४ मध्ये निघालं. ११०० पुरुषांवर वापरून पाहिलं, एकालाही रोग झाला नाही, असा त्याचा दावा आहे. तो त्याच्या शब्दावरच घ्यावा लागतो.

पुढे १९०६ मध्ये जर्मनीत ऑगस्ट फॉन वासरमान याने सिफिलिससाठी रक्ताची चाचणी आणली. रोगाचं दृश्य लक्षण नसलेल्या माणसाच्या रक्तातून ‘गुपित’ काढणारी ही पहिली गाजलेली चाचणी. ती अचूक नव्हती. मलेरिया किंवा कुष्ठरोग असलेल्यांतही ती खोटी पॉझिटिव्ह येई. सिफिलिस नसूनही तो झाल्याच्या कल्पनेने झुरणाऱ्या रुग्णांचं वर्णन डॉक्टर तेव्हाही करत होते, त्याला ‘सिफिलोफोबिया’ असा शब्दही होता. चाचणीने काहींची सुटका केली आणि काहींना पुन्हा पुन्हा तपासून घेण्याचा एक नवा मार्ग दिला.

आपल्याकडे या विषयावर मराठीत मोकळेपणाने लिहिणारा माणूस म्हणजे र. धों. कर्वे. गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. गुप्तरोग हे पापाचं फळ नसून जंतूंमुळे होणारे रोग आहेत, आणि ते टाळता येतात, ही त्यांची भूमिका. त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. ‘पाप’ आणि ‘जंतू’ या दोन गोष्टी वेगळ्या करा, हे कर्वे ज्या तिडिकेने सांगत होते ते माझ्या पेशंटांपैकी अनेकांना अजूनही पटलेलं नाही. पटलेलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

चाचणी बनली ती रक्तपेढ्यांसाठी

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची नोंद छापून आली. एरवी निरोगी असलेल्या माणसाला न होणारा एक न्यूमोनिया त्यांना झाला होता. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रांस्वाझ बारे-सिनूसी आणि ल्युक मोंतान्ये यांच्या गटाने विषाणू वेगळा केला. २ मार्च १९८५ रोजी अमेरिकेत पहिल्या एलायझा चाचणीला परवानगी मिळाली.

इथे एक मुद्दा सहसा लक्षात घेतला जात नाही. ती चाचणी दवाखान्यात आलेल्या चिंताग्रस्त माणसासाठी बनलेली नव्हती. ती दान केलेल्या रक्ताच्या पिशव्या गाळण्यासाठी होती. दूषित पिशवी सुटता कामा नये, त्यासाठी दहा चांगल्या पिशव्या फेकाव्या लागल्या तरी चालतील, असा तिचा हिशेब होता. साहजिकच खोटे पॉझिटिव्ह निकाल येत, आणि ते पडताळण्यासाठी वेस्टर्न ब्लॉटसारखी दुसरी चाचणी करावी लागे. गंमत म्हणजे अमेरिकेत लगेच वेगळीच काळजी उभी राहिली. धास्तावलेली माणसं फुकट तपासणी होते म्हणून रक्तदानालाच येतील! म्हणून त्याच वर्षी तपासणीची वेगळी केंद्रं उघडावी लागली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एलायझा विषाणू शोधत नव्हती. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, शोधत होती. ती तयार व्हायला वेळ लागतो, आणि पहिल्या पिढीच्या किट्सना ती ओळखू येण्याइतकी व्हायला आणखी वेळ लागे. बहुतेकांत सहा ते बारा आठवडे. लागण आणि चाचणी पॉझिटिव्ह होणं यांमधला हा काळ म्हणजे ‘विंडो पिरियड’. एखादा उशिराचा रुग्णही सुटू नये म्हणून सल्लागारांनी वर भरपूर सूट धरली आणि सांगितलं, सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. त्या काळच्या साधनांच्या मानाने सल्ला योग्यच होता. किट्स बदलली, पण आकडा लोकांच्या डोक्यात राहिला.

त्यात १९८९ मध्ये एक भर पडली. एका प्रतिष्ठित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी लिहिलं की काही पुरुषांत विषाणू सापडतो, पण अँटिबॉडी चाचणी तीन तीन वर्षं निगेटिव्हच राहते. केवढी खळबळ! वर्तमानपत्रांनी मोठ्या मथळ्यांनी छापलं. पुढच्या तपासण्यांत मात्र हे निष्कर्ष टिकले नाहीत, आणि १९९१ मध्ये त्याच नियतकालिकात पत्र लिहून संशोधकांनी तसं कळवलं. ते पत्र किती जणांनी वाचलं असेल? ‘हा विषाणू वर्षानुवर्षं लपून बसतो, चाचणीत येत नाही’ हे वाक्य मी आजही पेशंटच्या तोंडून ऐकतो.

मद्रास, १९८६. गोवा, १९८९

भारतात हा रोग नाहीच, तो ‘तिकडचा’, असं १९८५ पर्यंत आपण मानत होतो. १९८६ च्या सुरुवातीला मद्रास मेडिकल कॉलेजात डॉ. सुनीती सोलोमन यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने प्रबंधासाठी, सुधारगृहात ठेवलेल्या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले. मद्रासला तपासणीची सोय नव्हती. बर्फाच्या डब्यात नमुने घालून ती रात्रीच्या गाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला गेली. सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. विज्ञानाच्या दृष्टीने हे मोठं काम. पण लोकांच्या मनात रोगाचा चेहरा त्या दिवशी ठरला तो ‘त्या बायकांचा’. विषाणू त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवला, हे फारसं कोणी विचारलं नाही.

गोव्याची हकीकत मराठी वाचकाने मुद्दाम माहीत करून घ्यावी अशी आहे. डॉमिनिक डिसोझा हा तिशीच्या आतला तरुण, नियमित रक्तदाता. दान केलेल्या रक्ताच्या तपासणीत तो पॉझिटिव्ह निघाला. हे त्याला डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून एचआयव्हीबाधिताला सक्तीने वेगळं ठेवण्याची तरतूद केली होती, तिचा आधार घेऊन त्याला म्हापशाच्या जुन्या क्षयरोग सॅनिटोरियममध्ये बंद करून ठेवलं. ६४ दिवस. गुन्हा काय, तर रक्तात अँटिबॉडीज सापडल्या.

त्याची आई ल्युसी डिसोझा हिने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. वकील आनंद ग्रोव्हर. डॉमिनिक सुटला, पण अंतिम निकालात न्यायालयाने ती तरतूद वैधच ठरवली. त्याची नोकरी गेली. १९९२ मध्ये त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. २००५ चा ‘माय ब्रदर निखिल’ हा चित्रपट त्याच्या आयुष्यावरून सुचलेला आहे.

मी त्या सुमारास एमबीबीएसला होतो. वॉर्डात अशा रुग्णाच्या केसपेपरवर लाल शाईने मोठ्या अक्षरांत शेरा मारलेला असे, खाटेपाशी कोणी जाऊ नये म्हणून. नातेवाईक विचारत, ताटवाटी वेगळी ठेवायची का? चाचणीची भीती ही अर्धी विषाणूची आणि अर्धी या लाल शाईची होती. ती त्या काळच्या माणसांनी मनाने रचलेली नव्हती. चाचणी पॉझिटिव्ह आली तर काय होतं, हे त्यांना समोर दिसत होतं.

न झालेला एड्स

१९८५ मध्येच ब्रिटनच्या एका मनोविकारविषयक नियतकालिकात डेव्हिड मिलर आणि सहकाऱ्यांनी ‘स्यूडो-एड्स’चं वर्णन केलं. लागण नाही, पण एड्सच्या भीतीने लक्षणं मात्र हुबेहूब. वजन घटणं, रात्री घाम, जुलाब, थकवा. यात ढोंग अजिबात नसतं. सतत धास्तावलेल्या माणसाची भूक जाते, झोप उडते, पोट बिघडतं, रात्री घामाने अंग भिजतं. आणि एड्सच्या पोस्टरवरची लक्षणांची यादीही तीच! माणूस यादी वाचतो, घाबरतो, घाबरल्याने लक्षणं येतात, आणि लक्षणं आली म्हणून यादी खरी वाटते. मानेतली वाटाण्याएवढी गाठ, जी बऱ्याच निरोगी माणसांना बोटाला लागते, ती दिवसातून पन्नासदा दाबून पाहिली की दुखायला लागते. जिभेवरचा पांढरा थर रोज मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघणारे पेशंट माझ्याकडे आहेत.

प्रचारमोहिमांनीही यात हातभार लावला. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दूरदर्शनवर यमदूत बोलिंगच्या चेंडूने माणसं पाडताना दाखवला, ब्रिटनमध्ये थडग्याच्या दगडावर ‘एड्स’ कोरलेली जाहिरात आली आणि घरोघरी पत्रकं टाकली गेली. मुंबईकरांना २००२ च्या अखेरचे ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ हे फलक आठवत असतील. बसथांब्यावर, लोकलमध्ये, सगळीकडे बलबीर पाशा. त्या मोहिमेचा उद्देश चांगला होता आणि तिने लोकांना बोलतंही केलं. पण भीतीचा सूर असा की कंडोम न वापरणारा बेफिकीर माणूस हसून पुढे जातो, आणि आधीच सगळी काळजी घेतलेला भित्रा माणूस घरी जाऊन झोपत नाही, हे मी दवाखान्यात बसून पाहिलं आहे.

कंडोमवर विश्वास का ठेवायचा

‘रबराला सूक्ष्म छिद्रं असतात, विषाणू त्याहून बारीक असतो’ ही अफवा सुशिक्षितांमध्येच जास्त. विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा, हे खरं. पण लॅटेक्सचा अखंड पडदा तो ओलांडत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी १९८६ मध्येच प्रयोगशाळेत हे तपासलं होतं. प्राण्यांच्या आतड्यापासून बनवलेले ‘नैसर्गिक’ कंडोम मात्र विषाणूंसाठी भरवशाचे नाहीत. आपल्या बाजारातले नेहमीचे कंडोम लॅटेक्सचे असतात.

प्रयोगशाळा सोडा, माणसांचं काय? ज्या जोडप्यांत एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशा युरोपातल्या जोडप्यांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १२४ जोडपी प्रत्येक वेळी कंडोम वापरत होती. सुमारे १५,००० संबंध झाले. लागण किती जणांना? शून्य. जी १२१ जोडपी कधी वापरत, कधी नाही, त्यांच्यात १२ जणांना लागण झाली. हे मी पेशंटला कागदावर लिहून देतो. तिथे जोडीदाराला एचआयव्ही आहे हे नक्की माहीत होतं आणि संबंध हजारोंनी होते. तुमच्या बाबतीत जोडीदाराचं काही माहीत नाही आणि प्रसंग एक.

आपल्याकडे ‘निरोध’ १९६८ मध्ये आला तो कुटुंबनियोजनासाठी, लाल त्रिकोणाच्या काळात. तीन नग पंधरा पैशांना. त्यामुळे कंडोम म्हणजे मूल होऊ नये म्हणून, ही ओळख पक्की झाली. रोगापासून रक्षण हा त्याचा चारशे वर्षांचा मूळ उद्देश आपल्याकडे एड्समुळे परत आला. एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. नागीण म्हणजे हर्पिस, एचपीव्ही, सिफिलिस हे त्वचेच्या स्पर्शातूनही पसरतात, तिथे कंडोमचं संरक्षण अपुरं आहे. फोड, व्रण किंवा स्राव दिसला तर दाखवायला या, लाजू नका.

चाचणी पुढे गेली, आकडा मागे राहिला

१९९० च्या दशकात आलेल्या तिसऱ्या पिढीच्या चाचण्या सुरुवातीची अँटिबॉडीही पकडू लागल्या आणि विंडो पिरियड बऱ्याच जणांत तीन-चार आठवड्यांवर आला. चौथ्या पिढीची ‘कॉम्बो’ चाचणी अँटिबॉडीबरोबर विषाणूचा पी-२४ हा घटकही शोधते. युरोपात ती १९९० च्या दशकाअखेर आली, अमेरिकेत २०१० मध्ये. लागण झालेल्यांपैकी निम्म्या लोकांत ती अठरा-वीस दिवसांत, आणि १०० पैकी ९९ जणांत सुमारे ४५ दिवसांत पॉझिटिव्ह येते. बोटाच्या रक्तावरच्या झटपट चाचण्यांसाठी मात्र तीन महिने धरायचे. सरकारी केंद्रांत तुम्हाला तीन महिन्यांनी पुन्हा या असं सांगतात ते यामुळे. सहा महिने आज नेहमीच्या परिस्थितीत कोणी धरत नाही.

आणि पॉझिटिव्ह आलीच तर? १९९६ पासून तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने चित्र पालटलं. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने, युसूफ हमीद यांच्या पुढाकाराने, हा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केला आणि आफ्रिकेसकट जगभर किमती कोसळल्या. १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह जास्त लागण असलेल्या राज्यांत सरकारी रुग्णालयांतून औषधं मोफत मिळू लागली. नियमित औषध घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हेही आता मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालं आहे. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय चाचणी करायला आणि निकाल फोडायला मनाई आहे. तो कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. डॉमिनिकच्या वेळी असं काहीच नव्हतं.

आता माझ्या समोर बसलेल्या त्या तरुणाकडे येऊ. कंडोम फाटला असेल किंवा वापरलाच नसेल, आणि ७२ तास उलटले नसतील, तर इंटरनेट वाचत बसू नका. लगेच रुग्णालयात जा. २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं असतात आणि ती जितक्या लवकर सुरू होतील तितकी उपयोगी. कंडोम शाबूत असेल तर या औषधांची गरज नाही. मनाच्या समाधानासाठी ४५ दिवसांनी एक कॉम्बो चाचणी करा.

सहावी, सातवी चाचणी मी लिहून देत नाही. निगेटिव्ह निकालाने दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी ‘लॅबने बाटली बदलली असेल तर?’ सुरू होतं, आणि प्रत्येक नव्या चाचणीने ही सवय घट्ट होते. अशा माणसाला मी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. हा चिंताविकार किंवा ओसीडीचा प्रकार असू शकतो आणि तो समुपदेशनाने व औषधांनी बरा होतो. कधी कधी मात्र एवढंही लागत नाही. विचारलं की रडू फुटतं, आणि लक्षात येतं की भीती विषाणूची नसून बायकोला फसवल्याची आहे. त्याला रक्ताची चाचणी उपयोगी पडत नाही. मी खुर्ची जरा जवळ ओढतो आणि त्याला बोलू देतो. कोणाशी बोलायची सोय नसेल त्यांच्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा १०९७ हा क्रमांक आहे. फोन मोफत आहे.